गोल्फ क्लब दुरुस्तीची अवजारं घरच्या घरी

माझ्या हातून मोडलेला पहिला ग्रॅफाइट शाफ्ट, म्हणजे क्लबची लांब पोकळ नळी, खेळताना नाही, व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) मोडला. ग्रिप, म्हणजे हातात धरायचं आवरण, काढायची होती आणि शाफ्ट सारखा फिरत होता. जुना टॉवेल गुंडाळून मी व्हाइसचा दांडा आणखी अर्धा फेरा आवळला आणि वाळकी काटकी पायाखाली यावी तसा आवाज आला. वरून काहीच दिसेना. बोट फिरवलं तेव्हा रंगाखाली एक बारीक उभी चीर हाताला लागली. तो शाफ्ट गेला.

टॉवेल मऊ होता, पण व्हाइसचे जबडे सपाट होते. सपाट जबडा गोल नळीला दोनच रेषांवर दाबतो. शाफ्ट आतून पोकळ आणि भिंतीला पातळ, त्यामुळे दाब सगळ्या अंगाने सारखा पडला तरच तो टिकतो. हे एकदा कळलं की क्लबच्या कामातली बरीचशी अवजारं कशासाठी असतात ते उलगडतं: शाफ्ट धरणं, सरळ ठेवणं, भोक साफ करणं, एखादी गोष्ट ठरलेल्या खोलीवर थांबवणं. ही कामं लाकूड, रबर, नट-बोल्ट आणि थोडा वेळ एवढ्यावर होतात. माझा नियम साधा आहे: धरणारं अवजार घरी बनवायचं, मोजणारं आणि तापवणारं विकत घ्यायचं. वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर आणि हीट गन या तीन गोष्टींत काटकसर करू नका. बाकीचं आपण बनवू.

ही कामं घरी होतात यात नवल काही नाही. गोल्फ क्लब बनवणाऱ्या पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते आणि १९५९ मध्ये त्यांनी आपले सुरुवातीचे पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायचे क्लब, घरच्या गॅरेजमध्येच तयार केले.

आधी शब्द आणि मापं

शाफ्टची ग्रिपकडची जाड बाजू म्हणजे बूड, हेडकडची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागाकडची, निमुळती बाजू म्हणजे टोक. हेडच्या ज्या नळीत टोक बसतं ती हॉझल. हॉझलच्या तोंडाशी दिसणारी काळी प्लास्टिकची कडी म्हणजे फेरूल. आतलं सगळं इपॉक्सीने धरलेलं असतं.

टोकाची तीन मापं पाठ करून टाका. आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या क्लबच्या, समांतर टोकाचा व्यास ०.३७० इंच, म्हणजे ९.४ मिलिमीटर. आयर्नच्या निमुळत्या टोकाचा ०.३५५ इंच, म्हणजे ९ मिलिमीटर. लांब फटक्यांच्या ड्रायव्हर आणि वुड या क्लबमध्ये बहुतेक वेळा ०.३३५ इंच, म्हणजे ८.५ मिलिमीटर. बुडाचा व्यास साधारणपणे ०.६०० किंवा ०.५८० इंच असतो आणि ग्रिपच्या आतल्या बाजूला ६० किंवा ५८ असा जो आकडा असतो तो याच मापाचा. हेडमधून शाफ्ट काढला की पहिलं काम कॅलिपर लावायचं. डोळ्याने ९ आणि ९.४ मधला फरक कळत नाही, पण ९.४ च्या हॉझलमध्ये ९ चं टोक बसवलं तर इपॉक्सीचा थर एका बाजूला जाड होतो आणि हेड तिरकं बसतं.

शाफ्ट धरायचा ठोकळा

सगळ्यात आधी हे बनवा. बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण याच्याशिवाय शाफ्टला व्हाइस लावू नका.

कठीण लाकडाचे दोन सारखे तुकडे घ्या, प्रत्येक साधारण १० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर जाड. दोघांच्या मध्ये २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा ठेवा आणि सी-क्लॅम्पने घट्ट आवळा. आता ६ सेंटिमीटरच्या रुंदीतून आरपार जाईल असं १६ मिलिमीटरचं भोक पाडा, केंद्र बरोबर पुठ्ठ्यावर धरून. आधी ३ मिलिमीटरच्या बिटाने वाट करून घेतली तर मोठं बिट भरकटत नाही. क्लॅम्प सोडा, पुठ्ठा टाकून द्या. दोन्ही तुकड्यांत अर्धगोल खाच तयार झाली आहे, आणि प्रत्येक खाच अर्ध्या वर्तुळापेक्षा १ मिलिमीटर उथळ आहे. या १ मिलिमीटरमुळेच आवळायला जागा राहते. तुकडे एकमेकांना आधी टेकले असते तर शाफ्ट कितीही आवळला तरी फिरतच राहिला असता.

खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी रबराच्या सोल्यूशनने चिकटवा. पट्टीला सुरकुती नको. सुरकुती म्हणजे पुन्हा तीच दाबाची रेषा. ग्रिपच्या जरा खाली शाफ्ट साधारण साडेतेरा मिलिमीटरचा असतो, तो रबरासकट या खाचेत नेमका बसतो. टोकाकडची बाजू धरायला १२ मिलिमीटर भोकाचा दुसरा ठोकळा त्याच पद्धतीने करा. दोन्हींवर शाईने आकडा घाला, नाहीतर घाईत चुकीचा हाताला येतो.

किती आवळायचं? हाताने शाफ्ट पिळून पाहा. फिरायचा थांबला की तुम्हीही थांबा. तरीही घसरत असेल तर दांडा पुढे न ढकलता रबरावर चिमूटभर राळेची पूड भुरभुरवा. राळेने जेवढी पकड येते तेवढी आणखी दोन फेऱ्यांनी येत नाही, आणि शाफ्टही सुरक्षित राहतो.

ग्रिप बदलायची पन्हळ

ग्रिप बदलणं हे नवख्यांसाठी सगळ्यात चांगलं पहिलं काम. चुकलं तर नुकसान फक्त एका ग्रिपचं. अडचण एकच, सॉल्व्हंट, म्हणजे टेप ओली करायचं टर्पेंटाइन, सगळीकडे सांडतं. त्यासाठी ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप साधारण ५० सेंटिमीटर लांब घ्या आणि हॅकसॉने उभा चिरा. मिळालेल्या अर्ध्या पन्हळीचं एक टोक लाकडी गोल चकतीने बंद करा, दुसरं उघडं ठेवा. उघड्या टोकाखाली बरणी येईल अशी पन्हळ दोन पाचरींवर तिरकी बसवा. सांडलेलं टर्पेंटाइन बरणीत परत येतं आणि गाळून पुढच्या ग्रिपला वापरता येतं. या पन्हळीत ॲसिटोन मात्र ओतू नका, ते पीव्हीसीला खातं.

आता कृती. जुनी ग्रिप हुकच्या आकाराच्या पात्याने कापा. पातं आपल्यापासून दूर ओढा, वर उचलून धरा. स्टीलवर साधं पातं चालून जातं, ग्रॅफाइटवर चालत नाही. सरळ पात्याचं टोक रंगाखालच्या तंतूंत शिरतं. जुनी टेप सोलून काढा. घट्ट बसली असेल तर हीट गनची ऊब हलकीच द्या. नवी दुहेरी चिकटणारी टेप बुडापासून ग्रिपच्या लांबीएवढी लावा आणि बुडाबाहेर साधारण १ सेंटिमीटर जास्त ठेवून ती नळीच्या आत दुमडा, म्हणजे सॉल्व्हंट शाफ्टच्या पोटात जात नाही.

ग्रिपच्या टोपीतलं बारीक भोक गोल्फ टीने, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीने, बंद करा. ग्रिपमध्ये सॉल्व्हंट ओता, दुसरं तोंड अंगठ्याने दाबून हलवा आणि तेच सॉल्व्हंट पन्हळीवर धरलेल्या टेपवर ओता. टेप सगळीकडून चकचकीत ओली दिसली पाहिजे. टी काढा, ग्रिपचं तोंड बुडावर चढवा आणि एका दमात आत ढकला. इथे हात आखडता घेतला की ग्रिप निम्म्यात अडकते. टोपी बुडाला टेकल्याचं हाताला स्पष्ट जाणवतं, ठक असं. मग दोन-तीन मिनिटं ग्रिप फिरवता येते, तेवढ्यात क्लब जमिनीवर ठेवून ग्रिपवरची खूण सरळ करा. रात्रभर तसाच राहू द्या.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तापवण्याचं काम येतं. टर्पेंटाइन आणि ॲसिटोन दोन्ही भडकतात. ज्या दिवशी ग्रिपचं काम त्या दिवशी त्या टेबलावर हीट गन नाही, आणि खिडक्या उघड्या.

हॉझल साफ करायची काठी

हे अवजार करायला पाच मिनिटं पुरतात आणि मला ते सगळ्यांत जास्त आवडतं. ६ मिलिमीटर जाडीची गोल लाकडी काठी घ्या, १५ सेंटिमीटर लांब. एका टोकाला बारीक करवतीने मधोमध ३ सेंटिमीटर खोल चीर द्या. ८० नंबरच्या एमरी कापडाची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी चिरेत अडकवा आणि काठीभोवती दोन वेढे घ्या, खरखरीत बाजू बाहेर. दुसरं टोक ड्रिलमध्ये धरा. वेढे ड्रिल फिरतं त्याच्या उलट दिशेने घ्या, म्हणजे पट्टीचं मोकळं टोक फिरताना मागे राहतं आणि पट्टी उलगडून अडकत नाही.

ड्रिल हळू चालवा आणि काठी हॉझलमध्ये खाली-वर करा. जुनं इपॉक्सी पिवळसर भुकटी होऊन बाहेर येतं. थोड्या थोड्या वेळाने टॉर्चने आत पाहा. स्वच्छ झालेला धातू राखाडी आणि एकसारखा दिसतो, राहिलेलं इपॉक्सी काचेसारखं चमकतं. तळाशी राहिलेला थर फसवा असतो. त्याच्यामुळे शाफ्ट पूर्ण आत जात नाही आणि क्लब दोन-तीन मिलिमीटर लांब होतो. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवलेलं फडकं काठीला गुंडाळून आतून पुसा आणि त्यानंतर आत बोट घालू नका.

फेरूल बसवायचा ठोकळा

फेरूल टोकावर घट्ट बसते आणि हाताने ढकलली तर तिरकी होते. लाकडाच्या जाड तुकड्यात ९.४ च्या टोकासाठी १० मिलिमीटरचं आणि ८.५ च्या टोकासाठी ९ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाची खोली महत्त्वाची. हॉझलमध्ये बारीक काडी घालून तिची खोली मोजा, बहुतेक हेडमध्ये ती २५ ते ३२ मिलिमीटर निघते, आणि ठोकळ्यातलं भोक त्याहून १ ते २ मिलिमीटर कमी खोल ठेवा. बिटावर मास्किंग टेपची खूण केली की खोली चुकत नाही.

फेरूल गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, पुसा, टोकावर हाताने थोडी चढवा. शाफ्ट उभा धरून टोक भोकात घाला आणि खाली दाबा, लागलंच तर बुडावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या. ठोकळ्याच्या पृष्ठभागाला टेकून फेरूल वर सरकते आणि टोक तळाला लागलं की थांबते. उरलेले १-२ मिलिमीटर हेड चढवताना हॉझल स्वतःच फेरूलला वर सारतं, म्हणून दोघांमध्ये फट राहत नाही.

कापायचा साचा

धरायच्या ठोकळ्यासारखंच १६ मिलिमीटरचं भोक एका अखंड तुकड्यात पाडा आणि गुण्या लावून, भोकाला काटकोनात, वरून भोकाच्या तळापर्यंत करवतीची एक चीर घ्या. झाला साचा. शाफ्ट भोकात घालायचा, पातं चिरेतून चालवायचं.

इंचाला ३२ दात असलेलं हॅकसॉ पातं वापरा. ग्रॅफाइटवर कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, टेपमधूनच कापा आणि पाव खोल गेलं की शाफ्ट थोडा फिरवा, असं चहूबाजूंनी. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटचे तंतू तुटण्याऐवजी सोलले जातात. ग्रॅफाइटची धूळ फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही: मास्क लावा, खाली ओलं फडकं पसरा, काम झाल्यावर झाडू नका, पुसा.

निमुळत्या टोकाचा शाफ्ट टोकाकडून कधीही कापू नका, तो फक्त बुडाकडून कमी करायचा. ग्रिपची टोपी चढली की क्लब साधारण ३ मिलिमीटरने लांब होतो, ते आधीच वजा करा.

ग्रॅफाइट शाफ्ट ओढायचा सांगाडा

स्टीलचा शाफ्ट हेडमधून काढायला सांगाडा लागत नाही. शाफ्ट ठोकळ्यात धरा, हॉझल तापवा, जाड हातमोज्याने हेड पिळत ओढा. ग्रॅफाइटला पिळायचं नाही. टोकाशी तंतूंचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात आणि तापलेल्या अवस्थेत पिळलं की ते थर सुटतात. तो सरळ रेषेतच निघाला पाहिजे, आणि हाताने सरळ ओढण्याएवढा जोर सहसा आपल्यात नसतो.

लागणारं सामान: साधारण ६० सेंटिमीटरची जाड फळी, १६ किंवा १२ मिलिमीटर भोकाचा धरायचा ठोकळा जरा मोठ्या आकारात आणि दोन बोल्टने आवळता येईल असा, १० मिलिमीटर जाडीचे आट्यांचे दोन रॉड, त्यांचे नट आणि वॉशर, ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी. पट्टीच्या कडेला मधोमध यू आकाराची खाच कापा, शाफ्ट मावेल पण हॉझल मावणार नाही एवढी, म्हणजे १० ते ११ मिलिमीटर. खाचेच्या दोन्ही बाजूंना रॉडसाठी भोकं पाडा.

ठोकळा फळीवर पक्का बसवा. दोन्ही रॉड ठोकळ्यातून शाफ्टला समांतर काढा आणि ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना नट लावून जागच्या जागी घट्ट करा. रॉडच्या मोकळ्या बाजूला आधी एकेक नट आणि वॉशर चढवा, मग पट्टी. हे नट फिरवले की पट्टी ठोकळ्यापासून दूर सरकते. सगळा जोर याच हालचालीतून येतो.

काम करताना आधी फेरूल थोडी तापवून चाकूने कापून काढा, म्हणजे हॉझलची कड उघडी होते. हॉझलपासून साधारण १५ सेंटिमीटरवर शाफ्ट ठोकळ्यात धरा, रबरावर राळ. खाच शाफ्टवर चढवा आणि पट्टी हॉझलच्या कडेला टेकेपर्यंत नट फिरवा. मग दोन्ही नट सारखेच, अर्धा-अर्धा फेरा. थोडा ताण आला की थांबा. आता हीट गन हॉझलभोवती फिरवत राहा, फक्त धातूवर. शाफ्टवर गरम हवा जाऊ नये म्हणून पट्टीच्या मागे शाफ्टला ओलं फडकं गुंडाळा. मिनिटाभराने एकेका नटाला पाव फेरा द्या. इपॉक्सी सुटतं तेव्हा नट एकदम हलका होतो. हलका झाला नाही तर जोर वाढवू नका, उष्णता आणखी अर्धा मिनिट द्या. चुकीचा क्रम म्हणजे आधी पूर्ण जोर आणि मग उष्णता. तसं केलं तर टोक हॉझलमध्येच तुटून राहतं.

डोळ्यांवर गॉगल हवा आणि हेडच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहा. बंद नळीत अडकलेली हवा तापून फुगते, म्हणून ग्रिपच्या टोपीतलं भोक मोकळं असल्याची आधी खात्री करा. आणि हेड पोकळ असून आत फोम किंवा जेल भरलेला असेल तर घरी तापवू नका. ज्या ड्रायव्हरचं हेड स्क्रूने सुटतं त्याला या कशाचीच गरज नाही, स्क्रू काढा आणि झालं.

लांबी मोजायची फळी

गोल्फच्या नियमांत क्लबची लांबी कशी मोजायची ते ठरलेलं आहे: क्लब आडवा ठेवायचा, त्याचा तळ ६० अंशांच्या उतारावर टेकवायचा आणि तो उतार जिथे आडव्या पातळीला मिळतो तिथपासून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं. हे यंत्र घरी अगदी अचूक करता येतं, कारण ६० अंश काढायला कोनमापकही लागत नाही. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. कंपासने १२ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण जाड लाकडावर काढा आणि कापा. १३० सेंटिमीटर लांब सरळ फळीच्या एका टोकाला हा त्रिकोण त्याच्या एका बाजूवर बसवा, आणि त्याचा पुढचा कोपरा फळीला जिथे टेकतो तिथे पोलादी टेपचा शून्य येईल अशी टेप फळीवर चिकटवा. क्लब ठेवायचा तो शाफ्ट फळीवर, हेडचा पुढचा भाग वर, तळ उतारावर.

नियमांनुसार पटर सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांहून, म्हणजे १.२१९ मीटरहून लांब चालत नाही. काही स्पर्धांत २०२२ पासून आलेल्या ऐच्छिक नियमाने ही मर्यादा ४६ इंच असते. कुठलाही क्लब १८ इंचांहून आखूडही नको.

स्विंगवेट: वजनकाटा आणि एक धारदार कड

स्विंगवेटचा काटा महाग असतो, आणि तो जे सांगतो ते साध्या गुणाकाराने काढता येतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

स्विंगवेट म्हणजे बुडापासून १४ इंचांवर, ३५.५६ सेंटिमीटरवर, टेकू धरला तर हेडची बाजू किती जोराने खाली ओढते त्याचं माप. क्लब कुठे तोलतो आणि त्याचं एकूण वजन किती एवढं कळलं की झालं. त्यासाठी धारदार कडेचा टेकू लागतो: लोखंडी पट्टी उभी धरून दोन लाकडी तुकड्यांत घट्ट बसवा, कड वर. त्यावर ग्रिपसकट पूर्ण क्लब आडवा ठेवून सरकवत राहा. दोन्ही बाजू अधांतरी स्थिर राहिल्या की तिथे पेन्सिलने खूण करा. बुडापासून त्या खुणेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. मग क्लबचं वजन करा.

समजा ७ नंबरचा आयर्न ४३० ग्रॅम भरला आणि तोल ७१.३ सेंटिमीटरवर आला. ७१.३ मधून ३५.५६ वजा केले, राहिले ३५.७४. त्याला ४३० ने गुणलं, आले सुमारे १५,३७०. स्विंगवेट अक्षर आणि अंक मिळून घरांत सांगतात; त्यातल्या डी० या घराचा आकडा या एककांत १५,३७४ आहे, म्हणजे आपला क्लब डी० आहे. वर-खाली जायला प्रत्येक घराला १२६: डी१ म्हणजे १५,५००, डी२ म्हणजे १५,६२६, आणि खाली सी९ म्हणजे १५,२४८. तोल मोजताना १ मिलिमीटर चुकला तर इथे ४३ चा फरक पडतो, म्हणजे एका घराचा तिसरा हिस्सा. म्हणून मी तीनदा मोजतो आणि मधला आकडा धरतो.

दुरुस्तीत हे रोज कामाला येतं. हेडवर २ ग्रॅम वाढले की स्विंगवेट साधारण एक घर वर जातं. ग्रिप ५ ग्रॅमने जड झाली की साधारण एक घर खाली. क्लब अर्धा इंच लांब केला की तीन घरं वर. त्यामुळे जड ग्रिप घातल्यावर क्लबचं हेड हातात हरवल्यासारखं वाटलं तर तो भास नसतो, आकड्यात दिसतं. हेडच्या मागे शिशाची टेप लावून ते परत आणता येतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा. हेड चिकटवण्याआधी शाफ्ट, फेरूल, ग्रिप सगळं कोरडं जोडून हा हिशेब करा. इपॉक्सी वाळल्यावर कळलेली चूक दुरुस्त करायला पुन्हा हीट गन काढावी लागते.

लाय तपासायची रेघ

लाय म्हणजे क्लब जमिनीवर टेकवला की शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन. तो तपासायला फक्त मार्कर लागतो. चेंडूवर जाड उभी रेघ काढा, रेघ क्लबकडे आणि बरोबर उभी येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. क्लबच्या तोंडावर रेघेचा ठसा उमटतो. तो तोंडावरच्या आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. वरचं टोक हेडच्या पुढच्या टोकाकडे झुकलं तर लाय तुमच्यासाठी जास्त उभी आहे, टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, झुकलं तर जास्त सपाट. पाच फटक्यांचे ठसे पाहा, एकावर विश्वास ठेवू नका.

लाय वाकवायचं अवजार मात्र घरी करू नका. मी प्रयत्न करून सोडून दिलं. ओतीव हेड अचानक तडकतं, आणि अंशाअंशाने मोजल्याशिवाय वाकवलेला क्लब आधीपेक्षा वाईट होतो. त्यासाठी यंत्र असलेल्या माणसाकडे जा.

पहिला क्लब

अवजारं झाली की ज्याचं काही बिघडलं तरी वाईट वाटणार नाही असा जुना स्टीलचा आयर्न घ्या. हेड काढा, हॉझल साफ करा, टोकाचा क्रोम ८० नंबरच्या कापडाने हॉझलच्या खोलीएवढा घासून मंद करा. फेरूलच्या वरचा भाग चमकता राहायला हवा, म्हणून तिथे टेप गुंडाळा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी वापरू नका, ते फटक्याच्या धक्क्याला ठिसूळ पडतं. शाफ्टसाठीचं, २४ तासांत पक्कं होणारं घ्या. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात पूर्ण एक मिनिट ढवळा. टोकाला आणि हॉझलच्या आत दोन्हीकडे पातळ लावा, फिरवत चढवा, बाहेर आलेलं लगेच पुसा, आणि क्लब हेड खाली करून भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे आतलं इपॉक्सी शाफ्टमध्ये वर सरकत नाही.

ज्या कपात इपॉक्सी ढवळलं तो कप टाकू नका, क्लबशेजारीच ठेवा. दुसऱ्या दिवशी कपातल्या उरलेल्या थरात नख रुतवून पाहा. रुतलं तर हॉझलमधलंही अजून ओलंच आहे, आणखी एक दिवस थांबा. नख घसरलं तर फेरूलच्या वरपासून हॉझलपर्यंत मार्करने एक बारीक सरळ रेघ मारा आणि क्लब घेऊन मैदानावर जा. सुरुवातीला अर्ध्या जोराने वीसेक चेंडू मारा, आसपास कुणी उभं नसताना. मग रेघ पाहा. ती जशीच्या तशी सरळ असेल तर जोड पक्का आहे. फेरूलशी केसभरही सरकलेली दिसली तर त्या क्लबने आणखी एकही चेंडू मारू नका; घरी आणा, हेड उतरवा आणि हॉझल साफ करण्यापासून पुन्हा सुरू करा.